इसार देण्याआधी घर ठोकून बघा
डोंबिवलीत जुना फ्लॅट घेताना मी तो दोनदा बघितला. एकदा भर दुपारी, एकदा जुलैत दोन दिवस पाऊस कोसळल्यावर. दुसऱ्या खेपेला खरं घर दिसलं. बेडरूममधल्या कपाटामागची भिंत तळहाताला गार, ओलसर लागली आणि नवाकोरा रंग नखाने पापुद्र्यासारखा निघाला. म्हणून सांगते, ताजा रंग दिसला की कपाट सरकवायला सांगाच. अजिबात भीड धरू नका.

फरशी नाण्याने ठोका. पोकळ आवाज आला तर ती खालून सुटलेली असते. बाथरूमच्या छताला डाग असले तर वरच्या मजल्यावर जाऊन विचारा. सज्जाखाली गंजलेली सळई उघडी पडली असेल, तर मात्र स्वतः अंदाज बांधू नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरला घेऊन जा. त्यांची फी द्यायला माझ्याही जिवावर आलं होतं, पण कॉलममधली उभी चीर त्यांनीच दाखवली.

सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, अहवाल मागा. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीप्रमाणे, 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर 5 वर्षांनी, त्याहून जुनीचं दर 3 वर्षांनी व्हायला हवं. जे सापडेल त्याची दुरुस्ती कोण करणार, हे करारनाम्यात लिहून घ्या, मगच सही करा.