मंगळावरून आलेल्या अशनींचे वय काढताना या चुका टाळा

साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या कड्यांत दिसणारा बेसॉल्ट सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा असून त्यातील मॅग्नेटाइट या लोहखनिजामुळे त्याच्याकडे लोहचुंबक ओढला जातो. त्यामुळे शेतात सापडलेला काळा, जड आणि चुंबकाला दाद देणारा दगड अशनीच, म्हणजे अवकाशातून पडलेलाच आहे, असे इथल्या विद्यार्थ्यांनी गृहीत धरू नये. मंगळावरून आलेले शेरगोटाइट प्रकारचे अशनीही बहुतांशी बेसॉल्टच असतात, त्यामुळे दिसण्यावरून फरक कळत नाही. ऑक्सिजनच्या तीन समस्थानिकांचे (वेगळ्या वजनाच्या अणूंचे) परस्पर प्रमाण पाहून दगडाचे मूळ आधी निश्चित करावे आणि मगच कालमापनाकडे वळावे.

सर्वांत मोठी चूक म्हणजे अशनीला एकच वय असते असे मानणे. अंटार्क्टिकात 1984 साली सापडलेला एएलएच 84001 हा दगड मंगळावर सुमारे 409 कोटी वर्षांपूर्वी घट्ट झाला, आघाताने सुमारे 1.6 कोटी वर्षांपूर्वी अवकाशात फेकला गेला आणि पृथ्वीवर सुमारे 13 हजार वर्षांपूर्वी पडला. या तीन घटनांसाठी तीन वेगळी घड्याळे लागतात. कार्बन-14 चे अर्धायुष्य, म्हणजे तो ऱ्हासाने निम्मा होण्याचा काळ, 5,730 वर्षे असल्याने त्यावरून फक्त शेवटची घटना कळते. अवकाशात वैश्विक किरणांमुळे तयार झालेला हा कार्बन दगड जमिनीवर आल्यानंतर घटतच जातो.

अवकाशातील प्रवासाचा काळ काढताना वैश्विक किरणांमुळेच तयार होणाऱ्या बेरिलियम-10 वर विसंबणारे बरेचदा फसतात. त्याचे अर्धायुष्य सुमारे 14 लाख वर्षे आहे, म्हणून पाच-सहा दशलक्ष वर्षांत त्याची निर्मिती आणि ऱ्हास जवळपास समान होतात आणि त्यापुढचा काळ त्यात उमटतच नाही. 1911 मध्ये इजिप्तमध्ये पडलेल्या नखला या मंगळाच्या अशनीचा प्रवास सुमारे 1.1 कोटी वर्षांचा आहे; तिथे निऑन-21 सारखा स्थिर, साचत जाणारा वायूच उपयोगी पडतो. शिवाय नमुना मूळ दगडात किती खोलवर होता, याचा हिशेब न करता काढलेला आकडा माझ्या मते छापूच नये.

पोटॅशियमच्या ऱ्हासातून साचलेल्या आर्गॉन-40 वरून खडक घट्ट झाल्याचा काळ काढणाऱ्या पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीत वय अवाजवी जास्त आले, तर आघाताने वितळलेल्या काचेत अडकलेल्या मंगळाच्या हवेचा संशय घ्यावा. पृथ्वीच्या हवेत आर्गॉन-40 आणि आर्गॉन-36 यांचे प्रमाण सुमारे 298 आहे, तर क्युरिऑसिटी यानाने मंगळावर ते सुमारे 1,900 मोजले. पृथ्वीचा आकडा वापरून दुरुस्ती केली की मंगळाचा उरलेला आर्गॉन ऱ्हासातून आल्याचे भासते आणि तरुण खडक म्हातारा ठरतो. अशा वेळी खनिजे वेगळी करून रुबिडियम-स्ट्रॉन्शियम किंवा समेरियम-निओडिमियम पद्धतीने पडताळणी करावी.

नुकताच पडलेला अशनी पाण्याने धुऊ नये, घासू नये आणि त्याला चुंबकही लावू नये, कारण त्याने दगडातील मूळ चुंबकीय नोंद पुसली जाते. वैश्विक किरणांनी दगडात तयार झालेल्या सोडियम-22 चे अर्धायुष्य अवघे 2.6 वर्षे असल्यामुळे अशनी स्वच्छ कोरड्या पिशवीत ठेवून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाला लगेच कळवावे.