एसएमपीएसची स्थिरता स्कोपवर तपासताय? या चुका टाळा

एसएमपीएस म्हणजे वेगाने स्विचिंग करून व्होल्टेज बदलणारा पॉवर सप्लाय. त्यातलाच, १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारा, ५०० किलोहर्ट्झवर चालणारा एक बक (व्होल्टेज उतरवणारा) कन्व्हर्टर टेबलावर होता. लोड बदलला की आउटपुटवर झालर (बारीक कंपनं) उठायची. लूपच (आउटपुट पाहून ते जागेवर आणणारं फीडबॅक नियंत्रण) डळमळीत आहे असं धरून मी अर्धा दिवस कॉम्पेन्सेशनचे, म्हणजे लूप स्थिर करणारे, रेझिस्टर-कपॅसिटर काढत-घालत बसलो. स्कोपवरचा (ऑसिलोस्कोप) ट्रेस ढिम्म बदलेना. शेवटी टाइमबेस ताणून पाहिला, तर झालर १०० मेगाहर्ट्झच्या वरची! असल्या कन्व्हर्टरचा लूप साधारण ५० ते १०० किलोहर्ट्झपर्यंत धावतो. तो तिथे पोहोचणार कसा?

गुन्हेगार होती प्रोबची ग्राउंड वायर. १५ सेंटीमीटर वायरचं इंडक्टन्स दीडशे नॅनोहेन्रीच्या आसपास, प्रोबची कपॅसिटन्स १० पिकोफॅरड; दोघं मिळून १३० मेगाहर्ट्झला वाजतात. नीट पाहिलं असतं तर तीच झालर प्रत्येक स्विचिंगच्या कडेलाही होती. म्हणून मगर-चिमटा काढा, टोकाची छोटी स्प्रिंग लावा आणि थेट आउटपुट कपॅसिटरच्या दोन टोकांवर मोजा. एसी कपलिंग आणि २० मेगाहर्ट्झची बँडविड्थ मर्यादा चालू करा. तरीही काही हललं, तर आधी त्याची फ्रिक्वेन्सी मोजा. दहा-वीस ते शंभर-दोनशे किलोहर्ट्झमध्ये असेल, तरच लूपवर संशय घ्या.

उलटी चूकही होते: सगळं सुरेख दिसतं, कारण धक्काच पोचलेला नसतो. इलेक्ट्रॉनिक लोड ०.१ अँपिअर प्रति मायक्रोसेकंदवर ठेवला, तर १ अँपिअर चढायला १० मायक्रोसेकंद लागतात. तेवढ्यात लूप आरामात सावरून घेतो आणि आपण खूश. मी बोर्डावरच एक मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) आणि ५ ओहमचा रेझिस्टर डकवतो. वायरवाउंड नको, त्याचं स्वतःचं इंडक्टन्स आडवं येतं. फंक्शन जनरेटरवरून गेटला १ किलोहर्ट्झ, १० टक्के ड्यूटी (दर आवर्तनात तेवढाच वेळ चालू). रेझिस्टरवर सरासरी अर्धाच वॉट पडतो, त्यामुळे तो तापत नाही. आणि शून्यापासून धक्का देऊ नका. हलक्या लोडवर कन्व्हर्टर वेगळ्याच मोडमध्ये असतो, तिथलं उत्तर इथे कामाचं नाही. १ अँपिअरचा कायमचा लोड ठेवून त्यावर आणखी १ चढवा.

व्होल्टेज एकदा खाली जाऊन सरळ वर आलं तर छान. एखादा झोका चालेल. चार-पाच झोके दिसले तर फेज मार्जिन (लूप डळमळीत होण्यापासून किती दूर आहे ते माप) ३० अंशांच्याही खाली गेलंय असं समजा. झोक्यांची फ्रिक्वेन्सी म्हणजेच साधारण लूपची क्रॉसओव्हर फ्रिक्वेन्सी (जिथवर लूपची पकड पोचते ती), ही माहिती फुकटात मिळते.

हिशेबात सगळं बसतं, पण बोर्डावर झोके येतात, असं झालं तर सिरॅमिक कपॅसिटरकडे वळा. ६.३ व्होल्टचा २२ मायक्रोफॅरडचा छोटा कपॅसिटर ५ व्होल्टवर निम्म्याहूनही कमी उरू शकतो. कपॅसिटन्स घटली की क्रॉसओव्हर वर सरकते आणि मार्जिन खातं. इलेक्ट्रोलायटिक असेल तर थंडीत त्याचा ईएसआर (आतला रोध) वाढतो, म्हणून बोर्ड गार करूनही पाहा. इनपुटही एकाच व्होल्टेजवर नको, दोन्ही टोकांना तपासा.

करंट-मोड (इंडक्टरचा करंट पाहून स्विच बंद करणाऱ्या) कन्व्हर्टरमध्ये स्विच नोडवर, म्हणजे स्विच आणि इंडक्टरच्या जोडावर, एक पल्स रुंद, एक अरुंद असं आलटून-पालटून दिसत असेल आणि ड्यूटी ५० टक्क्यांच्या वर असेल, तर तो सबहार्मोनिक (स्विचिंगच्या निम्म्या फ्रिक्वेन्सीचा) प्रकार आहे. त्याला स्लोप कॉम्पेन्सेशन (करंटच्या सिग्नलमध्ये मिसळलेला चढता उतार) लागतं. एरर अँपचे (आउटपुटची चूक मोजणाऱ्या अँप्लिफायरचे) भाग बदलून उपयोग नाही.

मेनवर चालणारा एसएमपीएस असेल तर आणखी एक. त्याच्या प्रायमरी (मेनला जोडलेल्या) बाजूला स्कोपची ग्राउंड क्लिप लावायची नाही म्हणजे नाही. २३० व्होल्ट रेक्टिफाय झाले की ३२५ होतात, आणि क्लिप अर्थला जोडलेली असते. फट् आवाज येतो आणि ब्रिज, ट्रॅक, कधी स्कोपही जातो. त्यावर काही जण स्कोपच्या प्लगची अर्थ पिनच काढतात. मग स्कोपची अख्खी धातूची चौकट जिवंत, आणि हात तिच्यावरच. डिफरेन्शियल प्रोब (अर्थला न जोडता दोन टोकांमधला फरक मोजणारा) घ्या. महाग वाटत असेल तर मोजमाप सेकंडरीलाच, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या आउटपुट बाजूलाच, उरका. लोडचा धक्का तसाही तिथेच द्यायचा असतो.