नव्या पिकअपचे इंजिन ऑइल नेमके केव्हा बदलावे

नवी पिकअप दारात आली, हार घालून नारळ फोडून झाला की ऑइल केव्हा बदलायचे याविषयीचे तीन सल्ले त्याच दिवशी फुकट मिळतात. जुना मिस्त्री सांगतो, हजार किलोमीटरला पहिले ऑइल काढून टाका. शेजारचा गाडीवाला दर पाच हजारांचा हिशेब सांगतो. तिसरा कोणीतरी सर्व्हिस बुकातला मोठा आकडा दाखवून तोपर्यंत बोनेट उघडायचीही गरज नाही असे ठासून बोलतो. मी जुन्नर तालुक्यातून टोमॅटो आणि भाजीपाला वाहतो. आतापर्यंत तीन पिकअप वापरल्या आणि त्यांचे ऑइल बहुतेक वेळा स्वतःच बदलले. माझ्या अनुभवात हे तिन्ही सल्ले अपुरे आहेत, कारण तिघेही फक्त किलोमीटर मोजतात.

पुस्तिकेतले दुसरे पान

माहितीपुस्तिका वाचायची हे सांगायला नको. मात्र तिच्यातले नेमके पान वाचायला हवे. सर्वसाधारण वापराच्या तक्त्यानंतर बहुतेक पुस्तिकांत ‘खडतर वापर’ अशा अर्थाच्या मथळ्याखाली वेगळा मजकूर असतो. सतत पूर्ण भार, घाटरस्ते, धुळीचे रस्ते, वारंवार थोड्या अंतराच्या फेऱ्या आणि इंजिन चालू ठेवून तासन्‌तास उभे राहणे, या सगळ्यांना तिथे खडतर म्हटलेले असते आणि ऑइल बदलण्याचे अंतर बरेच कमी केलेले असते, कित्येकदा निम्म्यावर आणलेले असते. वीस किलोचे पंच्याहत्तर क्रेट म्हणजे दीड टन माल घेऊन फिरणाऱ्या माणसाने पहिला तक्ता वाचून समाधान मानणे ही स्वतःची फसवणूक आहे. अंतर आणि महिने असे दोन आकडे दिलेले असतील तर जो आधी भरेल तो धरायचा.

किलोमीटरमध्ये तास मिळवा

गाडी उभी असताना किलोमीटरचा काटा हलत नाही, पण इंजिन फिरत असते आणि ऑइल झिजत असते. वाशीच्या भाजी बाजारात मध्यरात्रीनंतर गाड्यांची रांग लागते. दोन हात पुढे सरकायचे, पुन्हा थांबायचे. अशा प्रत्येक तासाला मी चाळीस किलोमीटर धरतो. हा ठोकताळा आहे, शास्त्र नव्हे. तरी तो काहीच न धरण्यापेक्षा पुष्कळ बरा. हंगामात पन्नास खेपा झाल्या आणि प्रत्येक खेपेला दोन तास स्लो रनिंगमध्ये, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसते चालू ठेवण्यात, गेले तर शंभर तास होतात, म्हणजेच चार हजार किलोमीटर. काट्यावर पाच हजार दिसत असले तरी ऑइलच्या दृष्टीने गाडी नऊ हजार चाललेली असते. डॅशबोर्डावर इंजिनचे तास दिसत असतील तर उत्तम, नसतील तर सन-व्हायझरमागे एक छोटी वही पुरते.

रंग पाहून ठरवू नका

डिझेल इंजिनात ऑइल टाकल्यावर थोड्याच दिवसांत काळे होते, कारण काजळी पकडून धरणे हे त्याचे कामच आहे. दोन बोटांत ऑइल चोळून ‘यातला दम गेला’ असे निदान करणाऱ्या मिस्त्रीला चहा पाजावा आणि पुढे जावे.

पट्टीवरची पातळी: मी जिथे चुकलो

आता ज्या पायरीसाठी हा लेख लिहितो आहे, तिच्याकडे येतो. डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पट्टी, पाहताना आपण सगळे एकाच गोष्टीची भीती बाळगतो: ऑइल कमी तर झाले नाही ना? माझ्या पहिल्या बीएस-६, म्हणजे नव्या प्रदूषण मानकांच्या, गाडीच्या दुसऱ्या हंगामात पातळी कमी होणे दूरच, ती वरच्या खुणेच्याही थोडी वर गेली होती. ओळखीच्या गॅरेजमधल्या माणसाने पाहून सांगितले की इंजिन एक थेंबही ऑइल खात नाही, नशीबवान आहात. मीही ते चारचौघांत कौतुकाने सांगितले. पुढे महिन्याभराने कल्याणकडून परतताना माळशेज घाट चढून वर आलो, चहासाठी गाडी कडेला घेतली आणि स्लो रनिंगमध्ये ऑइलचा लाल दिवा क्षणभर लुकलुकला. ॲक्सिलरेटरला पाय लावताच तो गेला. मी इंजिन बंद केले, पट्टी ओढली, तर ऑइल वरच्या खुणेपासून जवळजवळ अर्धा सेंटिमीटर वर होते आणि पट्टीवरून पाण्यासारखे ओघळत होते. नाकाजवळ नेल्यावर डिझेलचा वास स्पष्ट आला.

इंजिनात ऑइल आपोआप वाढत नसते. पातळी वाढली याचा अर्थ त्यात दुसरे काहीतरी मिसळले आहे, आणि आजच्या डिझेल गाडीत ते बहुधा डिझेलच असते. याचे कारण समजून घेतल्याशिवाय ऑइल केव्हा बदलायचे हे ठरवता येणार नाही.

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ मानके लागू झाली आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारा डीपीएफ नावाचा फिल्टर आला. हा फिल्टर भरत आला की इंजिनचा संगणक तो आतल्या आत जाळून साफ करतो. त्याला रीजनरेशन म्हणतात. काजळी जळण्यासाठी तिथे सुमारे सहाशे अंश सेल्सियस तापमान लागते, आणि ते मिळवण्यासाठी बऱ्याच इंजिनांत सिलिंडरमध्ये नेहमीच्या फवाऱ्यानंतर डिझेलचा आणखी एक उशिरा फवारा मारला जातो. त्यातले थोडे डिझेल सिलिंडरच्या भिंतीला चिकटते आणि पिस्टनच्या रिंगा ते खरवडून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये आणतात. पेट्रोल असते तर गरम ऑइलमधून त्यातले बरेचसे उडून गेले असते. डिझेल मात्र साधारण एकशे ऐंशी ते तीनशे साठ अंशांच्या दरम्यान उकळते आणि ऑइलचे तापमान शंभराच्या आसपास असते, त्यामुळे त्यातले बहुतांश तिथेच साचून राहते.

माझ्या गाडीत हे इतके का साचले, ते नंतर वही चाळताना कळले. त्या हंगामात वाशीच्या खेपा कमी होत्या आणि शेतातून नारायणगावच्या बाजारात सहा-सात किलोमीटरच्या फेऱ्या दिवसातून चार-चार होत होत्या. रीजनरेशन सुरू व्हायचे, मी बाजारात पोचून किल्ली फिरवायचो, काम अर्धवट राहायचे आणि पुढच्या फेरीला ते पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचे. प्रत्येक वेळी थोडे थोडे डिझेल खाली जात होते. स्लो रनिंगचे आरपीएम किंचित वाढलेले असणे, बंद केल्यावरही पंखा जोरात फिरत राहणे आणि गाडीखालून तापलेल्या लोखंडाचा वास येणे ही तिन्ही चिन्हे मला रोज दिसत होती; मी त्यांचा संबंध उन्हाळ्याशी लावत होतो. आता ती दिसली की गाडी बंद करत नाही. पंधरा-वीस मिनिटे महामार्गावर एका वेगाने चालवून आणतो. त्यात जाणारे डिझेल ऑइलच्या डब्यापेक्षा स्वस्तच पडते.

पातळ झालेल्या ऑइलचा थर बेअरिंगमध्ये टिकत नाही. मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकणाऱ्या टर्बोच्या, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याच्या, दांड्याला तर त्या थराशिवाय दुसरा आधार नसतो. शिवाय पातळी फार चढली तर ऑइल इंजिनच्या श्वासनळीवाटे (ब्रीदर पाइपमधून) हवेच्या मार्गात ओढले जाते आणि इंजिन स्वतःचेच ऑइल जाळत, किल्ली बंद करूनही, बेफाम पळू शकते. म्हणून वाढलेली पातळी ही कमी झालेल्या पातळीइतकीच, माझ्या मते तिच्याहूनही अधिक, गंभीर समजावी.

पट्टी पाहण्याची पद्धत एकदा ठरवून घ्या आणि ती बदलू नका. पुस्तिकेत गरम इंजिन बंद करून काही मिनिटांनी पाहण्यास सांगितले असेल तर तसे करा. मी त्यासोबत दर रविवारी सकाळी, गाडी सुरू करण्यापूर्वी, पडवीसमोरच्या त्याच सपाट फरशीवर पाहतो. शेताच्या उतारावर उभी करून घेतलेले माप निरुपयोगी असते. पट्टी पुसून, पुन्हा पूर्ण आत घालून काढावी आणि पातळी वरच्या खुणेपासून किती मिलिमीटर आहे ते वहीत लिहावे. पुष्कळ गाड्यांत दोन खुणांमधले अंतर एक ते दीड लिटरचे असते. त्या खुणा पंधरा मिलिमीटर अंतरावर असतील, तर पाच मिलिमीटरची वाढ म्हणजे तिसरा हिस्सा, दीड लिटरच्या हिशेबाने अर्धा लिटर डिझेल. सहा लिटरच्या चेंबरमध्ये हे प्रमाण आठ टक्क्यांच्या घरात जाते.

माझा नियम असा आहे: पातळी ऑइल बदलल्यानंतरच्या पहिल्या नोंदीपेक्षा स्पष्ट वाढली किंवा वरच्या खुणेच्या पुढे गेली की काट्यावर कितीही कमी किलोमीटर असोत, ऑइल आणि फिल्टर दोन्ही त्याच आठवड्यात बदलायचे. वरचे जास्तीचे ऑइल तेवढे काढून टाका, हा सल्ला मला दोघांनी दिला होता. काढले तेही पातळ आणि उरले तेही पातळ, मग साधले काय? झाकणाखाली दुधाच्या चहासारखा साका जाड थरात दिसला आणि कूलंटही कमी होत असेल तर आत पाणी जाते आहे. अशा वेळी ऑइल बदलून भागणार नाही, गाडी दाखवावी लागेल. लाल दिवा चालू गाडीत लागला तर इंजिन तिथेच बंद करावे. तो ऑइलच्या दाबाचा दिवा आहे, ऑइल बदलण्याची आठवण करून देणारा नव्हे.

एक शंका खरी आहे: इंजिन थोडे ऑइल जाळत असेल आणि तेवढेच डिझेल मिसळत असेल तर पातळी जागच्या जागी दिसेल. हे पट्टीवरून कळत नाही. व्यवसायाच्या गाडीसाठी एकदा बदलाच्या वेळचा नमुना प्रयोगशाळेत देऊन घट्टपणा, डिझेलचे प्रमाण, लोह आणि सिलिकॉन तपासून घ्यावे. लोह वाढले तर झीज, सिलिकॉन वाढले तर बहुधा एअर फिल्टरमधून धूळ.

पहिला बदल आणि ऑइलची जात

नव्या गाडीचा पहिला बदल मी खडतर तक्त्यातले अंतर पूर्ण भरण्याची वाट न पाहता, त्याच्या निम्म्यावर करतो. लवकर बदलल्याने वॉरंटी जात नाही, उशीर केल्याने मात्र जाऊ शकते; तारीख, किलोमीटर आणि ऑइलचा दर्जा लिहिलेले बिल जपून ठेवावे.

पुस्तिकेतला दर्जा अक्षरशः पाळावा. ‘लोड ओढणाऱ्या गाडीला जाड ऑइल हवे’ असे म्हणत ड्रममधले जुन्या सीआय-४ दर्जाचे ऑइल टाकणारे आजही भेटतात. डीपीएफ असलेल्या इंजिनाला कमी राख सोडणारे ऑइल लागते, उदाहरणार्थ सीके-४ किंवा युरोपीय सी-मालिकेतले, जे पुस्तिकेत छापलेले असेल ते. चुलीत लाकूड जळते पण राख उरते, तसेच फिल्टरमध्ये अडकलेली काजळी जळून जाते आणि ऑइलमधल्या द्रव्यांची राख कायमची साचते. तो फिल्टर बदलण्याचा खर्च ऐकला की ड्रमच्या ऑइलमध्ये वाचवलेले पैसे हास्यास्पद वाटतात.

प्रत्यक्ष बदल

इंजिन कोमट असताना ऑइल काढावे, ऑइल काढायच्या नटाचा वॉशर आणि ऑइल फिल्टर नवा घालावा, भरताना वरच्या खुणेच्या जरा खाली थांबावे. जुने ऑइल बांधावर किंवा ओढ्यात ओतू नये. ते त्याच डब्यात भरून, अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याला ऑइल देणाऱ्या गॅरेजमध्ये पोचवावे. इंजिन दोन मिनिटे चालवून गळती पाहावी, संगणकात ऑइलची नोंद असेल तर ती शून्यावर आणावी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फरशीवर पट्टी पाहून पहिला आकडा वहीत लिहावा, कारण पुढच्या प्रत्येक रविवारचे माप त्याच आकड्याशी ताडायचे असते.