साखरपुड्याची अंगठी: अर्थ ओळखून निवड कशी करावी

अंगठी घ्यायला निघण्यापूर्वी विधीत तिची जागा कोणती, हे दोन्ही घरांनी एकदा शांतपणे बोलून घ्यावे. आपल्या वाङ्‌निश्चयात गणपतिपूजन, वडीलधाऱ्यांनी एकमेकांना दिलेला शब्द, मुलीची ओटी, साडी आणि साखरेचा पुडा हे मुख्य असते; अंगठ्यांची देवाणघेवाण त्यात पुढे रुळली. लग्नातही मंगळसूत्र आणि चांदीची जोडवी यांचा मान अंगठीहून मोठा आहे, आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम ७ मध्ये रूढीप्रमाणे होणारे विधी व सप्तपदी यांचा उल्लेख आहे, अंगठीचा नाही. म्हणूनच अंगठीचे वजन किंवा हिऱ्याचा आकार यावरून व्याह्यांमध्ये तुलना होऊ देऊ नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. हिऱ्याच्या अंगठीचे जुने गाजलेले उदाहरण युरोपातल्या राजघराण्याचे आहे: १४७७ मध्ये ऑस्ट्रियाच्या मॅक्सिमिलियनने बर्गंडीच्या मेरीला ती दिली. खड्याविना, आदि-अंत नसलेले साधे वर्तुळ हे खूण म्हणून मला अधिक बोलके वाटते.

अंगठी अनामिकेत घालतात. त्या बोटातून एक शीर थेट हृदयाकडे जाते, अशी प्राचीन रोमन समजूत होती. शरीररचनेत तिला आधार नाही. आपल्याकडे मात्र पूजेच्या वेळी दर्भाचे पवित्रक, म्हणजे दर्भाची अंगठी, अनामिकेतच घालतात, त्यामुळे हे बोट आपल्या घरांना परके नाही. हात कोणता, याचा वाद घालू नये. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे, आणि निर्णय आपल्यावर सोपवला गेला तर ज्या हाताने काम कमी होते तो निवडावा, म्हणजे अंगठीची झीज कमी होते.

इंदूरकरांनी सराफ्यात दिवसाच जावे, कारण रात्री पेढ्या बंद होऊन त्यांच्यापुढे खाण्याची दुकाने मांडली जातात. दोघांनीही बरोबर जावे आणि माप दोरा गुंडाळून न घेता पेढीवरच्या मापाच्या कड्यांनी घ्यावे. उन्हाळ्यात आणि संध्याकाळी बोटे किंचित फुगतात, थंडीच्या सकाळी आकसतात. म्हणून शक्य असल्यास वेगवेगळ्या वेळी दोनदा माप पाहावे. अंगठी पेरावरून थोडी अडत उतरली पाहिजे, पण पेरामागे गरगर फिरता कामा नये. पट्टी रुंद असेल तर माप जरासे सैल ठेवावे, कारण रुंद पट्टी बोटाला अधिक आवळते.

रोज घालायची साधी अंगठी २२ कॅरेटची चालते. खडा बसवायचा असेल तर १८ कॅरेट बरे, कारण त्या सोन्यात मिश्रधातू जास्त असल्याने ते अधिक कडक असते आणि खडा धरणाऱ्या नख्या सहज वाकत नाहीत. कणीक मळताना, कपडे धुताना अडकणारी खड्याची उंच बैठक टाळावी. जी अंगठी कामाच्या वेळी काढून ठेवावी लागते, ती हळूहळू डबीतच राहू लागते.

आतल्या बाजूचे ठसे भिंगाखाली स्वतः पाहावेत. भारतीय मानक ब्युरोचे (बीआयएस) चिन्ह, शुद्धता (२२ कॅरेटसाठी ९१६, १८ कॅरेटसाठी ७५०) आणि अक्षरे व अंक मिळून सहा खुणांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळखक्रमांक, असे तीन ठसे असतात; यांनाच मिळून हॉलमार्क म्हणतात. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर हा क्रमांक असावाच लागतो आणि तो ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासता येतो. दोन ग्रॅमहून हलक्या दागिन्यांना मात्र हॉलमार्कच्या सक्तीतून सूट आहे; बायकांच्या नाजूक अंगठ्या पुष्कळदा याच वजनात बसतात, म्हणून ठसा हवा असेल तर वजन आधीच ठरवून सांगावे.

बिलात सोन्याचे निव्वळ वजन, कॅरेट, त्या दिवसाचा भाव, घडणावळ आणि खड्याचे वजन व किंमत वेगवेगळी लिहून घ्यावी. खडा सोन्याच्या भावाने मोजला गेला नाही ना, हे तिथेच पाहावे. नावे किंवा तारीख कोरून घ्यायची असल्यास ठशांची जागा सोडून कोरायला सांगावे. पुढे माप लहान-मोठे करावे लागले तर अंगठी कापली जाते, तेव्हाही कारागिराला ठसे आधी दाखवून ठेवावेत.