मे महिन्यात वावरात पाणी कसं प्यावं

रावेर-यावलकडे पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा केळीच्या बागेत राबणाऱ्या माणसाला नुसतं ‘भरपूर पाणी पी’ म्हणणं हा अर्धवट सल्ला आहे. मला त्याचा संताप येतो. घामावाटे पाण्याबरोबर मीठही जातं. तासन्‌तास फक्त पाणीच पीत राहिलं की रक्तातलं मीठ पातळ होतं, डोकं दुखतं, मळमळतं.

घरून निघताना दोन पेले पाणी प्या. कामात तहानेची वाट न बघता दर वीस मिनिटांनी पेलाभर घ्या. दुपारच्या भाकरीबरोबर मीठ घातलेला मठ्ठा. रोजच्याला एवढं पुरतं.

खरी चूक होते ती जुलाब-उलट्या लागल्यावर, जलसंजीवनी (ओआरएस, म्हणजे मीठ-साखरेचं पाणी) करताना. माझ्या काकांना जुलाब लागले तेव्हा मी अख्खी पुडी एका पेल्यात घोळून पाजली. घट्ट असेल तितकं गुणकारी, असं वाटलं. जुलाब आणखी वाढले आणि रात्री सलाइन लावावं लागलं. द्रावण घट्ट झालं की आतडं शरीरातलंच पाणी ओढून घेतं. योग्य प्रमाणात असेल तर साखरेच्या आधाराने मीठ आत जातं आणि त्यामागोमाग पाणी.

म्हणून अंदाज नको. पुडीवर लिहिलेलं वाचा. एक लिटरची असेल तर लिटरची बाटली भरून घ्या, तांब्या हे माप नव्हे. अर्धी पुडी आत्ता, अर्धी मग, हेही करू नका. पुडी नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. शीग लावलेला चमचा चालणार नाही. आधी स्वतः चाखा: डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागलं, तर ओतून द्या आणि पुन्हा करा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्याचमच्याने पाजा. 24 तासांनी उरलेलं टाकून द्या.

लघवी फिकट पिवळी असेल तर ठीक, गडद आणि थोडी होत असेल तर पाणी कमी पडतंय. मूत्रपिंडाचा, हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी मीठ-पाण्याचं प्रमाण डॉक्टरांनाच विचारावं.

माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग तापलं, तर तोंडात पाणी ओतू नका, ठसका लागून ते श्वासनलिकेत जातं. सावलीत आडवं करा, अंगावर पाणी शिंपडून वारा घाला आणि 108 ला फोन करा.