युरिन कल्चर द्यायच्या आदल्या रात्री

मागच्या जूनमध्ये आईचं युरिन कल्चर (लघवीतले जंतू वाढवून ओळखायची तपासणी) केलं आणि तीन दिवसांनी रिपोर्ट आला, मिक्स्ड ग्रोथ, सॅम्पल परत द्या. म्हणजे तीन-चार जातीचे जंतू उगवलेले, खरा गुन्हेगार कोण ते कळेना. चूक आमचीच, मातोश्रींनी जॅमची बाटली उकळून वापरली होती. म्हणून ह्या वेळी सगळं आदल्या रात्रीच काढून ठेवलं.

लॅबची स्टराइल डबी आधीच आणा, लघवीची रूटीन, म्हणजे साधी तपासणीही लिहिली असेल तर दोन मागा, आणि झाकण सकाळी आयत्या वेळीच उघडा, ते खाली ठेवायचं नाही, आत बोट लावायचं नाही. मग गोळ्यांचा डबा बघा. आमच्याकडे जुन्या सिप्रोच्या चार गोळ्या निघाल्या, लाल रेघवाली स्ट्रिप, त्या मी काढूनच घेतल्या, कारण अँटिबायोटिकचा एखादा डोस पोटात गेला तरी कल्चरमध्ये काहीच न उगवण्याची शक्यता असते आणि आपण उगाच खूश होतो. घेतली असेल तर लपवू नका, नाव आणि वेळ फॉर्मवर लिहा. पण थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं, उलट्या असं काही असेल तर सकाळची वाट बघू नका, तेव्हाच डॉक्टरकडे जा, तिथे सॅम्पल द्या आणि ते सांगतील ते औषध लगेच सुरू करा, रिपोर्ट मागाहून येऊ दे.

सकाळची पहिली लघवी, साध्या पाण्याने पुढून मागे धुऊन, डेटॉल नको, सुरुवातीची धार सोडून मधली. हे आईला रात्रीच समजावून ठेवा, सकाळी बाथरूमच्या दाराबाहेरून ओरडून सांगण्यात मजा नाही.

आता ठाण्याचा घोडबंदर रोड आणि त्याचं ट्रॅफिक. आम्ही कासारवडवलीला, लॅब नौपाड्यात, आणि सॅम्पल दोन तासांच्या आत पोचायला हवं, नाहीतर उकाड्यात जंतू डबीतच वाढतात आणि आकडा फुगतो. त्यामुळे लॅब किती वाजता उघडते ते विचारून ठेवा आणि लवकर निघा. उशीर होणारच असेल तर दोन पिशव्यांत घालून फ्रीजमध्ये, फ्रीजरमध्ये नाही, जास्तीत जास्त 24 तास. (आई म्हणाली फ्रीजमध्ये नैवेद्याचं दूध आहे. मग आईसपॅक आणि टिफिन बॅग.)

फाइलमध्ये जुनी कल्चर्स, शुगर, क्रिएटिनिन आणि कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे ते. क्रिएटिनिन विसरू नका, किडनी कमी चालत असेल तर नायट्रोफ्युरँटोइनसारखी लघवीच्या इन्फेक्शनवरची गोळी देता येत नाही.

रिपोर्टमध्ये औषधांसमोर एस म्हणजे लागू पडेल, आर म्हणजे नाही. मेरोपेनेमसमोर एस दिसलं म्हणून तेच मागू नका, ते इंजेक्शन गंभीर पेशंटसाठी राखून ठेवतात. आणि काही त्रास नसताना म्हाताऱ्या माणसाच्या लघवीत नुसते जंतू सापडले तर बहुतेक वेळा औषध लागतच नाही, तेव्हा केमिस्टकडे पळण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

आमचा रिपोर्ट काल आला. ई. कोलाय नावाचे जंतू, एका मिलिलिटरमध्ये एक लाखाच्या वर, सिप्रोसमोर आर. आईने चष्मा लावून स्वतः वाचला आणि विचारलं, मग त्या चार गोळ्या तू कुठे ठेवल्यास?