रेडॉनचा उल्लेख असलेला चार्ट कोड कसा करावा

मेडिकल कोडर म्हणजे रुग्णाच्या चार्टमधले, म्हणजे वैद्यकीय नोंदींमधले, आजार आणि त्यांची कारणं अमेरिकेच्या आयसीडी-१०-सीएम या सूचीतल्या कोडमध्ये लिहिणारा माणूस. नागपुरात बसून अमेरिकेतल्या रुग्णांचे चार्ट वाचणाऱ्या नव्या कोडरची नजर 'रेडॉन' या शब्दावरून सहज घसरते. आपण मे महिन्यात खिडकीत कूलर लावून, दारं उघडी ठेवून राहणारी माणसं. आपल्या घरांना सहसा तळघरही नसतं. तिकडे हिवाळाभर घर बंद आणि खाली तळघर. जमिनीतल्या युरेनियमपासून तयार होणारा हा किरणोत्सारी वायू घराच्या पायाला पडलेल्या भेगांतून आत येऊन साठतो. त्याला ना रंग, ना वास. अमेरिकेत धूम्रपान न करणाऱ्यांना होणाऱ्या फुप्फुसाच्या कर्करोगाचं तो सर्वांत मोठं कारण मानला जातो. हवेत लिटरमागे ४ पिकोक्युरी (किरणोत्सर्ग मोजायचं एकक) किंवा त्याहून जास्त रेडॉन सापडला, तर घर दुरुस्त करा असं तिथली पर्यावरण संस्था सांगते. म्हणून हा आकडा डॉक्टरांच्या नोटमध्ये दिसला की थांबा.

पहिलं काम, पूर्ण नोट वाचणं. वाचताना एकच प्रश्न मनात ठेवा: आजार रेडॉनमुळे झाला, असं डॉक्टरांनी स्वतः लिहिलंय का?

रुग्णाला काहीच झालेलं नाही, फक्त घरात रेडॉन सापडला किंवा तशी शंका आहे म्हणून तो आला, तर कोड झेड ७७.१२३. हा संपर्काचा कोड.

आजार पक्का आहे आणि कारणही लिहिलंय, तर आधी आजार: उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागातला कर्करोग असेल तर सी ३४.११. त्यानंतर कारण म्हणून एक्स ३९.०१. बाह्य कारणाचा कोड कधीही पहिला येत नाही.

खरी अडचण तिसऱ्या प्रकारात असते. समजा, एका परिच्छेदात कर्करोग आहे, दुसऱ्यात तळघरातला रेडॉन, आणि रुग्ण वीस वर्षं सिगारेट ओढतोय. दोन्ही एकाच पानावर आहेत म्हणून दुवा आपण जोडायचा नाही. तो निर्णय डॉक्टरांचा. त्यांना क्वेरी, म्हणजे खुलासा मागणारा प्रश्न, पाठवा आणि प्रश्न मोकळा ठेवा, 'रेडॉनमुळेच ना?' असं विचारणं म्हणजे उत्तर त्यांच्या तोंडी घालणं. हे मी प्रत्येक बॅचला पुन्हा पुन्हा सांगते, कारण चुकीचं कारण रुग्णाच्या नोंदीत पुढे वर्षानुवर्षं फिरत राहतं. बाह्यरुग्ण चार्टात 'कर्करोगाची शक्यता' एवढंच असेल, तर कर्करोगही कोड करू नका, लक्षणं करा.

आता सातवं अक्षर. कारणाच्या या कोडला सातवं अक्षर लागतंच, पण एक्स ३९.०१ पाच अक्षरांतच संपतो, म्हणून सहाव्या जागी एक्स भरून सातवं लावा: सक्रिय उपचार चालू असतील तर ए, त्यानंतरच्या देखभालीसाठी डी, मागे राहिलेल्या परिणामांसाठी एस.

ऊन हेही नैसर्गिक प्रारणच (रेडिएशन), पण त्याचा कोड वेगळा. आपण 'ऊन लागलं' म्हणतो तो बहुतेक वेळा उष्माघात: टी ६७.०१, कारण एक्स ३०. उन्हाने कातडी भाजली तर एल ५५ आणि एक्स ३२. एक्स ३९.०८ हा रेडॉन सोडून इतर नैसर्गिक किरणोत्सर्गासाठी आहे. उन्हासाठी तो वापरू नका.

दर १ ऑक्टोबरला नवी कोडसूची लागू होते. कोड पक्का करण्याआधी रुग्णाच्या भेटीची तारीख कोणत्या सूचीत बसते, ते पाहा.